बेडरूममधला टीव्ही लावला की वायफाय का मरायचं

मागच्या वर्षी अण्णांच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी सांगितलं की सुरुवातीचे दीड-दोन महिने व्यायाम सोडला तर जास्त हालचाल नको, विश्रांती घ्या. आमचं घर सांगलीत विश्रामबागला, खाली हॉल, किचन आणि आई-अण्णांची मागची खोली, वर आम्ही. टीव्ही हॉलमध्ये, सेट टॉप बॉक्सही तिथंच, आणि अण्णांचा दिवस म्हणजे सकाळी बातम्या, दुपारी मॅच असेल तर मॅच, रात्री आईबरोबर सिरियल. रिटायर झाल्यापासून हाच नेम. त्यांना मागच्या खोलीत नुसतं छताकडं बघत पडलेलं मला बघवेना. मोबाईलवर बघा म्हटलं तर डोळे दुखतात म्हणाले. वरच्या मजल्यावरचा छोटा टीव्ही काढून त्यांच्या खोलीत लावला, पण त्याला दाखवायचं काय, कारण छत्रीची वायर त्या खोलीपर्यंत नव्हती आणि दुसरा बॉक्स घेतला तर महिन्याचं भाडं वेगळं.

घर बांधताना, २०१८ ला, मी हट्टानं प्रत्येक खोलीत कॅट ६, म्हणजे नेटवर्कची, वायर टाकून घेतली होती. सगळ्या वायरी जिन्याखालच्या कपाटात येतात, तिथं आठ पोर्टचा साधा गिगाबिट स्विच (नेटवर्कच्या वायरी एकमेकींना जोडणारा डबा) आहे, त्यातून एक वायर राऊटरला. म्हणजे हॉल ते मागची खोली वायर तयारच होती. ऑनलाइन शोधल्यावर एचडीएमआय एक्स्टेंडर सापडला, म्हणजे टीव्हीचं चित्र लांबच्या खोलीत नेणारे दोन काळे डबे, एकावर टीएक्स (पाठवणारा), एकावर आरएक्स (घेणारा). सेट टॉप बॉक्सची एचडीएमआय टीएक्समध्ये घालायची, टीएक्समधून एक एचडीएमआय परत बाहेर निघते ती हॉलच्या टीव्हीला, आणि कॅट ६ मधून चित्र दुसऱ्या खोलीतल्या आरएक्सला. सोबतच्या कागदावर लिहिलेलं की दोन डबे सरळ एका केबलनं जोडा नाहीतर मध्ये स्विच असला तरी चालेल. मला तर हेच पाहिजे होतं, दोन्ही वायरी आधीच स्विचमध्ये होत्या, भिंतीतल्या जॅकला डबे लावले आणि पाच मिनिटांत अण्णांच्या खोलीत बातम्या सुरू. अण्णा काही बोलले नाहीत, फक्त चष्मा पुसून परत लावला आणि उशी सरळ करून घेतली. मला त्या दिवशी फार बरं वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेदहाच्या कॉलवर माझा आवाज तुटायला लागला. मी पुण्यातल्या कंपनीचं काम घरून करतो, दिवसाला चार-पाच कॉल असतातच. समोरचे म्हणाले रोबोटसारखं ऐकू येतंय. कधीतरी होतं असं, मी मोबाईलचं हॉटस्पॉट लावून वेळ मारून नेली. पण मग रोजच व्हायला लागलं. बायको संध्याकाळी ऑनलाइन ट्युशन घेते, तिच्या पोरांना फळा दिसेना, एका आईचा फोन आला की मॅडम, फी भरतोय आम्ही. बायको एवढंच म्हणाली, "अहो, आधी हे बघा, बाकीचं राहू दे." तिचं बरोबर होतं, दोघांचीही पोटापाण्याची कामं त्या नेटवरच चालतात.

साहजिक आधी नेटवाल्यांना फोन. एक पोरगा आला, त्यानं पॅच कॉर्ड बदलली. दोन दिवसांनी परत तेच, परत तो आला, फायबरचा जोड नवीन केला. तिसऱ्यांदा आला तेव्हा माझा आवाज चढला होता. त्यानं शांतपणे पॉवर मीटर लावून मला दाखवला, उणे १९ डीबीएम, म्हणाला "सर, उणे २७ पर्यंत चालतंय, तुमची लाईन एक नंबर आहे, घरात काहीतरी बघा." त्याचं शंभर टक्के खरं होतं आणि नंतर मी त्याला फोन करून तसं सांगितलंही, कारण तीन-तीन वेळा त्याला उन्हातून बोलावून मी चुकीच्या ठिकाणी बोट दाखवत होतो.

गोंधळ कशामुळं होत होता ते सांगतो. माझ्या टेबलावरचा पीसी वायरनं जोडलेला आहे, त्याच्यावर स्पीड टेस्ट केली की पूर्ण १०० यायचे. लॅपटॉप आणि मोबाईल वायफायवर, तिथं कधी ८०, कधी ४, कधी टेस्ट सुरूच व्हायची नाही. म्हणजे नेट ठीक, वायफाय खराब. मग मी वायफायच्या मागं लागलो. राऊटर कपाटावरून खाली घेतला, परत वर ठेवला, २.४ गिगाहर्ट्झच्या वायफायचा चॅनेल १ वरून ६, ६ वरून ११ केला, शेजाऱ्यांचे वायफाय किती दिसतात ते मोजलं, राऊटर फॅक्टरी रिसेट करून सगळं परत सेट केलं. एक शंका मला एक्स्टेंडरची तेव्हाही आली होती पण ती वेगळ्या अंगानं. रास्पबेरी पाय ४ हा तळहाताएवढा कॉम्प्युटर आला तेव्हा, २०१९ मध्ये, एक गोष्ट बरीच गाजली होती, त्याच्यावर २५६० बाय १४४० चा मॉनिटर लावला की वायफाय बंद पडायचं. त्या रेझोल्यूशनचा एचडीएमआयचा क्लॉक २४१.५ मेगाहर्ट्झ, त्याची दहापट म्हणजे २४१५ मेगाहर्ट्झ, आणि वायफायचा चॅनेल १ बरोबर २४१२ वर. म्हणजे एचडीएमआयची गळती थेट वायफायच्या कानात. मला वाटलं हॉलमधला टीएक्सचा डबा राऊटरपासून दोन फुटांवर आहे, तसंच काहीतरी असणार. डबा लांब नेला, त्याच्याभोवती फॉइल गुंडाळून बघितलं, केबलला गळती अडवणारे फेराइटचे मणी लावले. काही फरक नाही. आणि एक गोष्ट तेव्हाच लक्षात घ्यायला पाहिजे होती, की ५ गिगाहर्ट्झचं वायफायसुद्धा तितकंच अडखळत होतं. रेडिओची गळती असती तर २.४ मेलं असतं आणि ५ वाचलं असतं, दोन्ही एकदम मरतात म्हणजे कारण हवेतलं नाही, राऊटरच्या आत जाणारं काहीतरी आहे.

उलगडा झाला तो लाईट गेली म्हणून. मेंटेनन्ससाठी सकाळी दहा ते दोन लाईट जाणार असा मेसेज आला होता. आमच्याकडं राऊटर, जिन्याखालचा स्विच आणि वरच्या खोलीतले पॉइंट इन्व्हर्टरवर आहेत, हॉलच्या टीव्हीचा पॉइंट नाही. दहाला लाईट गेली, साडेदहाला कॉल, आणि काय सांगू, इतका स्वच्छ कॉल पंधरा दिवसांत झाला नव्हता. पुढचा कॉल तसाच. दोनला लाईट आली, सव्वादोनच्या कॉलला परत रोबोट. लाईट गेली की नेट सुधारतं हे उलटं गणित बघून मी कॉल संपायच्या आतच वहीवर लिहायला घेतलं की लाईट गेल्यावर घरातलं काय काय बंद पडतं. फ्रीज, मोटर, गिझर, हॉलचा टीव्ही, सेट टॉप बॉक्स, आणि तो डबा.

खाली जाऊन जिन्याखालचं कपाट उघडलं. स्विचवर आठ हिरवे लाईट असतात, एरवी जिथं काम चालू तिथला लुकलुकतो, बाकीचे शांत. त्या दिवशी सहा वायरी लावलेल्या होत्या आणि सहाच्या सहा लाईट एकाच लयीत फडफडत होते, इतक्या जोरात की जवळजवळ सलग पेटल्यासारखे. त्यातला एक पोर्ट वरच्या गॅलरीजवळच्या प्रिंटरचा, आणि प्रिंटरवर महिनाभर कुणी कागद काढला नव्हता, त्याच्या पोर्टवर इतकं काय चाललंय? मी लॅपटॉप मांडीवर घेऊन तिथंच फरशीवर बसलो, वायफायवरून राऊटरला पिंग लावलं, म्हणजे एक छोटं पाकीट जाऊन परत यायला किती मिलिसेकंद लागतात ते मोजलं, बाहेरच्या कुठल्या साइटला नाही, घरातल्या राऊटरलाच. ६००, ९००, टाइम आउट, ७२०, टाइम आउट. स्वतःच्या घरातल्या दहा फुटांवरच्या राऊटरपर्यंत जायला पाऊण सेकंद! मग हॉलची वायर स्विचमधून उपसली. त्याच क्षणी सगळे लाईट शांत झाले, आणि पिंग २, २, ३, २. आतल्या खोलीतून अण्णांचा आवाज आला, "अरे, गेलं की रे!" वायर परत लावली, लाईट परत फडफडले, पिंग परत ८००. दोन-तीनदा करून बघितलं, दरवेळी तेच. पंधरा दिवसांचा त्रास, आणि खात्री व्हायला एक मिनिट पुरलं.

आता कारण समजून घ्यायचं होतं. वरच्या पीसीवर वायरशार्क, म्हणजे वायरीतून काय वाहतंय ते दाखवणारं सॉफ्टवेअर, लावलं. साध्या स्विचवर सुद्धा माझ्या पोर्टवर फक्त माझंच ट्रॅफिक यायला पाहिजे, दुसऱ्या दोन डब्यांचं आपसातलं बोलणं मला दिसायलाच नको. पण पडदा नुसता धो धो वाहत होता, सगळी यूडीपीची (पोच न मागता सोडलेली) पाकिटं, पाठवणारा १९२.१६८.१.२३८, जाणार कुठं तर २३९.२५५.४२.४२, पोर्ट ५००४. हा १.२३८ घरात कोण, डब्यावर कुठंही लिहिलेलं नव्हतं, टीएक्सनं स्वतःच घेतलेला पत्ता. व्हीएलसी हा व्हिडिओ प्लेअर उघडून तोच २३९ चा पत्ता टाकला आणि माझ्या कामाच्या पीसीवर आईची सिरियल सुरू झाली, आवाजासकट. मी काही मागितलं नव्हतं, तरी ती सिरियल घरातल्या प्रत्येक वायरीतून, प्रिंटरपर्यंतसुद्धा, वाहत होती.

२२४ पासून २३९ पर्यंत सुरू होणारे पत्ते मल्टिकास्टचे असतात. म्हणजे एकानं पाठवायचं आणि ज्याला पाहिजे त्यानं उचलायचं, गल्लीत लाऊडस्पीकर लावल्यासारखं. हा एक्स्टेंडर खरं तर एचडीएमआय वायरीतून पाठवतच नव्हता, तो आत चित्र एच.२६४ पद्धतीनं दाबून (कॉम्प्रेस करून) त्याची पाकिटं करून नेटवर्कवर सोडत होता, माझ्या मोजणीत सेकंदाला १५ ते १८ मेगाबिट. साध्या स्विचला मल्टिकास्ट कळत नाही, कुणाला पाहिजे ते माहीत नसलं की तो सगळ्या पोर्टवर सोडतो. गिगाबिट वायरीला १८ मेगाबिट म्हणजे काहीच नाही, म्हणूनच माझा पीसी ठणठणीत होता आणि मी त्या स्पीड टेस्टवर विश्वास ठेवून बसलो.

पण त्यातला एक पोर्ट राऊटरकडं जातो, आणि राऊटर ते सगळं इमानदारीनं वायफायवर सोडतो. इथं खरी मेख आहे आणि ही गोष्ट मला स्वतःला आधी नीट माहीत नव्हती. वायफायवर एखाद्या मोबाईलशी बोलताना राऊटर त्या मोबाईलला झेपेल तेवढ्या वेगानं बोलतो, आणि मोबाईल प्रत्येक पाकिटाची पोच देतो. मल्टिकास्टला पोच नसते, ऐकणारे कितीजण आहेत नि किती लांब आहेत माहीत नसतं, म्हणून ते सगळ्यात कमी वेगानं पाठवायचं असा बहुतेक राऊटरांचा रिवाज, २.४ वर बऱ्याचदा १ मेगाबिट, ५ वर ६ मेगाबिट. आता १८ मेगाबिटचा लोंढा ६ मेगाबिटच्या नळातून सोडला तर काय होणार? हवा चोवीस तास त्या एकाच चित्रानं भरलेली, आणि माझा कॉल, बायकोचा फळा, सगळे फटीतून घुसायला बघतायत. त्यात सेट टॉप बॉक्स बंद केला तरी टीएक्स गप्प बसत नाही, सिग्नल नाही असं सांगणारी निळी पाटी तो पाठवतच राहतो. म्हणून अण्णा झोपलेले असतानाही त्रास व्हायचा आणि मला टीव्हीचा संबंध कधी जुळवताच आला नाही.

पुस्तकी उपाय म्हणजे आयजीएमपी स्नूपिंग असलेला स्विच. आयजीएमपी म्हणजे मल्टिकास्टची धारा आपल्याला पाहिजे असं यंत्रानं सांगायची पद्धत. तो स्विच कोणत्या पोर्टवरच्या यंत्रानं ही धारा मागितलीय ते चोरून ऐकतो आणि फक्त त्याच पोर्टला देतो. मिरजेतल्या एका दुकानातून आठ पोर्टचा स्मार्ट स्विच आणला, सेटिंगमध्ये स्नूपिंग चालू केलं. वा! लाईट शांत, पिंग २, अण्णांचा टीव्ही चालू, बायकोला सांगितलं की झालं काम. आणि चार-साडेचार मिनिटांनी अण्णांच्या पडद्यावर चित्र थिजलं, बॉलर हात वर करून तसाच उभा. आरएक्स बंद-चालू केला की परत चालू, परत चार-साडेचार मिनिटांनी बंद. घड्याळ लावून बघितलं, चार मिनिटं वीस सेकंदांच्या आसपास. हा आकडा कुठून येतो ते शोधताना आयजीएमपीचं अर्धं राहिलेलं गणित कळलं. स्विच नुसता ऐकणारा असतो, कुणीतरी विचारणाराही लागतो, त्याला क्वेरियर म्हणतात. तो दर १२५ सेकंदांनी विचारतो, ही धारा अजून कुणाला पाहिजे का रे? ज्याला पाहिजे तो हो म्हणतो. दोनदा विचारण्याइतका वेळ आणि वर दहा सेकंद, म्हणजे २६० सेकंद कुणाचा होकार आला नाही तर स्विच समजतो कुणाला नको आणि नळ बंद करतो. आमच्या घरात विचारणाराच कुणी नव्हता. आरएक्स चालू होताना एकदा हो म्हणायचा, पुढं त्याला कुणी विचारलंच नाही आणि त्यानं सांगितलं नाही.

त्या स्विचमध्ये क्वेरियर नव्हता, नेटवाल्यांच्या राऊटरमध्ये तो पर्याय कुलूपबंद. अजून एक मार्ग होता, त्या दोन पोर्टचा वेगळा व्हीलॅन करायचा, म्हणजे एकाच स्विचच्या आत भिंत घालायची. तो केलाही, एक आठवडा व्यवस्थित चालला. पण मी वरच्या खोलीत असताना उद्या काही झालं आणि आईनं कपाट उघडून एक वायर काढून दुसरीकडं लावली तर भिंत कोसळणार, नि मी कामासाठी पुण्याला गेलेलो असताना फोनवर व्हीलॅन कसा समजावणार? शेवटी मी सगळ्यात साधं केलं, हॉलची वायर आणि मागच्या खोलीची वायर दोन्ही स्विचमधून काढल्या आणि कपाटातच एका कपलरनं (दोन प्लग जोडणाऱ्या छोट्या तुकड्यानं) एकमेकींना जोडल्या. आता त्या दोन डब्यांचं घरातल्या नेटशी काही नातं नाही, काय लोंढा सोडायचा तो एकमेकांवर सोडा. ज्यांच्याकडं असाच आयपीवाला एक्स्टेंडर आहे त्यांना मी कळकळीनं हेच सांगेन, मधे स्विच चालतो असं कागदावर लिहिलेलं असलं तरी घरातल्या स्विचमध्ये त्याला घालू नका, त्याची वायर सुटी ठेवा.

नेट सुधारलं, बायकोचे क्लास सुरळीत झाले. पण अण्णांची एक तक्रार होती ती त्यांनी महिनाभर बोलून दाखवली नव्हती. चित्र दाबायला आणि परत उलगडायला डब्यांना वेळ लागतो, त्यांच्या टीव्हीवर सगळं हॉलपेक्षा अर्ध्या सेकंदानं उशिरा यायचं. मॅचच्या दिवशी भाचा यायचा, तो आणि आई हॉलमध्ये बसायचे. एकदा मी अण्णांच्या पायाला शेक देत बसलो होतो, हॉलमधून आरडाओरडा झाला आणि अण्णा म्हणाले, "आता बघ, सिक्स जाणार." आणि गेला. म्हणाले, "मला आधी ऐकू येतं, मग दिसतं. चालतंय रे, सवय झाली." ते चालतंय मला काही पटलं नाही. आयुष्यभर माणसानं मॅच सगळ्यांबरोबर बघितली, आता एकट्यानं खोलीत बघायची ती पण शिळी.

म्हणून दुसरी जोडी घेतली, ही सरळ प्रकारची. यात चित्र दाबत नाहीत, फुल एचडीचा (१०८०पी ६०) कच्चा सिग्नल, सगळा मिळून सेकंदाला साडेचार गिगाबिटच्या आसपास, तसाच्या तसा कॅट ६ च्या चार जोड्यांवरून ढकलतात. उशीर डोळ्याला कळतच नाही. एचडीबेसटी नावाचा जो प्रकार आहे तोही दाबाशिवाय १०० मीटरपर्यंत नेतो आणि भरवशाचा, पण आमच्या चौदा-पंधरा मीटरसाठी तेवढे पैसे घालायला मला जड गेलं. या जोडीला वीज फक्त हॉलच्या बाजूला लावायची, आरएक्सला वीज त्याच केबलमधून जाते. आणि इथं एक गोष्ट जीव तोडून सांगायचीय. दोन्ही जोड्यांना बाहेरून तोच आरजे ४५ चा जॅक आहे, तीच वायर जाते, पण या दुसऱ्या जोडीतून नेटवर्क वाहतच नाही. स्विचचा खरा पीओई (नेटच्या वायरीतूनच वीज देण्याची सोय), ८०२.३एएफवाला, वीज सोडायच्या आधी समोर २५ किलोओहमचा रेझिस्टर आहे का ते तपासतो, नसेल तर वीज देत नाही. हे डबे असलं काही विचारत नाहीत, पिन जिथं लागेल तिथं व्होल्टेज. ती वायर चुकून स्विचमध्ये किंवा लॅपटॉपमध्ये घातली तर तो पोर्ट जळू शकतो. त्यामुळं भिंतीतल्या त्या दोन्ही जॅकवर मी लाल इन्सुलेशन टेप लावून मार्करनं टीव्ही असं लिहिलं, कपाटातल्या कपलरवरही, आणि आईला, बायकोला, भाच्याला प्रत्येकाला बोलावून दाखवलं की लाल टेपची वायर कुणी कुठं लावायची नाही.

दोन दिवस मस्त. तिसऱ्या दिवशी सकाळी सातला अण्णांनी हाक मारली, टीव्ही मधेच काळा होऊन परत येतो. बघतोय तर ठीक. संध्याकाळी परत. या वेळी मी आधीसारखं इकडंतिकडं न करता वही घेतली आणि आईला सांगितलं की काळा झाला की वेळ लिहून ठेव. चार दिवसांत वही भरली, सात पाच, सात अठ्ठावीस, संध्याकाळी सहा दहा, सहा चाळीस. जोडीजोडीनं. आईनंच ओळखलं, म्हणाली "ही तर माझी मोटरची वेळ." सकाळ-संध्याकाळ ती बोअरची मोटर लावते आणि टाकी भरली की बंद करते. चालू करताना एकदा काळा, बंद करताना एकदा काळा.

बोअर मागच्या अंगणात, अण्णांच्या खोलीच्या भिंतीपलीकडं. खोलीतला जंक्शन बॉक्स स्क्रू काढून उघडला आणि बघितलं तर वायरमननं शेवटचा टप्पा, साधारण पाच मीटर, मोटरच्याच पाइपमधून ओढला होता, एक पाइप वाचवायला. मोटरची जाड वायर आणि माझी कॅट ६ एकमेकींना चिकटून, एक इंच पाइपमध्ये. मोटरचा स्टार्टर पडताना जो धक्का बसतो तो शेजारच्या वायरीत उतरत होता. आधीच्या आयपीवाल्या डब्याचं १०० मेगाबिटचं इथरनेट तो सोसत होतं, हा कच्चा गिगाबिटांचा सिग्नल नाही सोसत, क्षणभर तुटला की दोन्ही बाजूंची एचडीसीपीची (कॉपी रोखणाऱ्या कुलपाची) ओळखपाळख परत पहिल्यापासून होते आणि त्यात दोन-तीन सेकंद पडदा काळा.

इथं डब्याला दोष नव्हता, वायरीच्या वाटेला होता. भिंत फोडायची अण्णांच्या आजारपणात शक्यच नव्हतं, धूळ नको. मग छताच्या कडेनं पांढरी केसिंग पट्टी मारून हॉलच्या टीव्हीमागून थेट अण्णांच्या टीव्हीमागं नवीन वायर नेली, शिल्डवाली कॅट ६, मधे एकही जोड नाही, दोन्ही टोकांना धातूचे प्लग, शिल्ड दोन्हीकडं प्लगला नीट टेकवून क्रिम्प केलेला. लाईटच्या पट्टीपासून वीतभर लांब ठेवली आणि किचनच्या दाराशी लाईटची वायर ओलांडावी लागली तिथं आडवी, काटकोनात ओलांडली, समांतर कुठंच जाऊ दिली नाही. क्रिम्पिंग करताना जोड्यांचे पीळ प्लगच्या अगदी तोंडापर्यंत ठेवले, आधी मी चांगले दोन इंच उलगडून मग दाबायचो, नेटला ते खपून जातं, याला नाही. एका रविवारी सकाळी सुरू केलं, दुपारच्या जेवणापर्यंत झालं. केसिंगची पट्टी कापायला भाचा होता.

भिंतीतली जुनी कॅट ६ परत स्विचमध्ये गेली, लाल टेप काढून नवीन वायरीच्या दोन टोकांना लावला. त्या जुन्या वायरीवर आता अण्णांच्या खोलीत एक छोटा अॅक्सेस पॉइंट (वायफाय सोडणारा डबा) आहे, वायर मोटरच्या पाइपमधूनच जाते पण पिंग २ च्या वर जात नाही आणि स्विचवर त्या पोर्टला एरर शून्य. आईला मोटर लावायला सांगून मी मुद्दाम बघत बसलो होतो.

परवा संध्याकाळी मॅच होती. सहा-सव्वासहाला आईनं मोटर लावली, वर बायकोचा क्लास चालू, मी कॉलवर. खाली विकेट पडली, आणि हॉलमधून भाचा आणि मागच्या खोलीतून अण्णा एकदमच ओरडले. कॉलवर पुण्यातला सहकारी म्हणाला, कोण आउट झालं रे?